कॉक आपल्या हाती, तर दुरुस्ती आपल्या हाती

घरातला नळ ठिबकू लागला की दोन टोकांचे सल्ले मिळतात. मोबाइलवरचे व्हिडिओ सांगतात, पाना घ्या आणि दहा मिनिटांत काम उरका. शेजारी सांगतात, नसत्या भानगडीत पडू नका, दहा रुपयांचा वॉशर वाचवायला जाल आणि फरशी फोडायची वेळ येईल. दोन्हींत तथ्य आहे आणि दोन्ही अपुरे आहेत. नळकामातली सगळी कामे एका मापाची नसतात. काही कोणालाही जमतात, काहींना सरावलेला हात लागतो आणि काहींना घरातल्या माणसाने हातही लावू नये. ही विभागणी कशावरून करायची, हा खरा प्रश्न आहे.

बहुतेक लोक ती कामाच्या अवघडपणावरून करतात, आणि तिथेच गल्लत होते. नळाची तोटी बदलणे सोपे दिसते, पण आतला सांधा भिंतीत तुटला तर पाण्याचा लोट थांबवायला काही उरत नाही. उलट फ्लशची टाकी उघडायला माणूस घाबरतो, आणि ते घरातल्या सर्वांत निर्धोक कामांपैकी एक आहे. अवघडपणापेक्षा उपयोगी कसोटी साधी आहे: बिघाडाच्या आधी, पाणी जिकडून येते त्या बाजूला, तुम्हाला स्वतःला बंद करता येईल असा कॉक आहे का? असेल, तर काम फसले तरी नुकसान बादलीभर पाण्याचे. नसेल, तर ते काम तुमचे नाही. या लेखात घरातल्या नेहमीच्या बिघाडांचा आढावा याच कसोटीवर घेतला आहे, आणि ती कुठे अपुरी पडते हेही पाहिले आहे.

पाणी कसे येते, त्यावर बिघाड ठरतो

परदेशी व्हिडिओंमधले घर आणि पुण्याजवळच्या खडकवासल्यातले घर यांत मोठा फरक पाण्याचा आहे. तिथे नळाला चोवीस तास एकाच दाबाचे, एकाच प्रतीचे पाणी असते. इथे तसे नाही.

कॅप्टन फाइफ यांच्या आराखड्यानुसार खडकवासल्याचे धरण १८६९ ते १८७९ या काळात मुठा नदीवर बांधले गेले. विश्वेश्वरय्यांनी शोधलेले स्वयंचलित दरवाजे १९०३ मध्ये याच धरणावर पहिल्यांदा बसले. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फुटले आणि पुण्याच्या नळाचा पुरवठा कोलमडला. आज खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची मिळून साठवण सुमारे २९ टीएमसी आहे. त्यात खडकवासल्याचा स्वतःचा वाटा जेमतेम २ टीएमसी असला, तरी शहराकडे जाणारे पाणी याच धरणातून सुटते. खडकवासला गाव मात्र महापालिकेत आले ते २०२१ मध्ये, नांदेड, किरकटवाडी आणि इतर गावांबरोबर, एकूण २३ गावांच्या खेपेत. तोवर ग्रामपंचायतीची नळयोजना, विहिरी, बोअर आणि टँकर यांवर इमारती उभ्या राहिल्या होत्या. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण या पट्ट्यातल्या सोसायट्यांना समजावून सांगावी लागत नाही.

या मिश्र पाण्याचे घरातल्या नळांवर तीन परिणाम होतात. पावसाळ्यात धरणाचे पाणी गढूळ होते आणि बारीक गाळ नळांच्या जाळ्यांत व सिरॅमिक चकत्यांत अडकतो. धरणाचे पाणी मूळचे मऊ, पण बोअरचे आणि टँकरने आणलेले बहुतेकदा जड असते. त्यातल्या क्षारांचा पांढरा थर शॉवरच्या भोकांत, गीझरमध्ये आणि फ्लशच्या रबरावर बसतो. आणि पुरवठा खंडित असल्यामुळे वाहिनी रोज रिकामी होते, पुन्हा भरते. ती भरताना हवा अडकते आणि रिकामी असताना बाहेरची घाण आत ओढली जाऊ शकते. आपल्याकडचे निम्मे बिघाड गाळ, क्षार आणि हवा या तिघांतून जन्मतात. म्हणून सुटा भाग बदलण्याआधी तो धुऊन पाहावा.

पान्याआधी कॉक

दुरुस्तीची पहिली पायरी बिघाड झाल्यावर सुरू होत नाही. एखाद्या निवांत रविवारी घरातले सगळे कॉक शोधून कोणता काय बंद करतो ते पाहावे. बेसिन आणि कमोडखाली अँगल कॉक असतो. तो त्या एका जोडणीपुरता. न्हाणीघरात, बहुधा डोक्याच्या वर, त्या खोलीचा कॉक असतो. डक्टमध्ये किंवा गच्चीवर टाकीपाशी पूर्ण सदनिकेचा किंवा पूर्ण ओळीचा व्हॉल्व्ह असतो. गच्चीवर चार-पाच सारख्या दिसणाऱ्या व्हॉल्व्हांवर ऑइलपेंटने सदनिकांचे क्रमांक लिहिले नसतील, तर ऐन वेळी कोणीतरी शेजाऱ्याच्या अंघोळीचे पाणी बंद करतो.

वर्षानुवर्षे न फिरवलेला कॉक क्षारांनी जाम होतो. त्याला एकदम पाना लावून जोर केला की दांडा तुटतो. दर दोन-तीन महिन्यांनी प्रत्येक कॉक पूर्ण बंद करून पुन्हा उघडला, तर तो गरजेच्या वेळी दगा देत नाही. जाम झालेला किंवा बंद करूनही पाणी सोडणारा अँगल कॉक हा स्वतंत्र बिघाड समजावा आणि तो आधी सुधारावा. त्याच्या मागचा खोलीचा कॉक चालू स्थितीत असेल, तर तेही घरचेच काम.

अवजारे थोडी पुरतात: सरकपाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, टेफ्लॉन टेप, जुना टूथब्रश, रबरी पंप, बादली आणि टॉर्च. मोठा पाइप-पाना विकत घ्यावासा वाटू लागला, तर समजावे की काम घरच्या आवाक्याबाहेर चालले आहे.

ठिबकणारा नळ

ठिबकण्याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या नळाखाली करावा. २०० मिलिलिटरचा पेला १५ मिनिटांत भरत असेल, तर दिवसाला १९ लिटर आणि वर्षाला सुमारे ७,००० लिटर पाणी जाते, म्हणजे हजार लिटरच्या सात टाक्या. टँकरचे पाणी विकत घेणाऱ्या सोसायटीत हा पैशांचाही हिशेब होतो.

पाणी कुठून गळते यावर रोगनिदान ठरते. तोंडातून ठिबकत असेल तर आतला वॉशर किंवा चकती खराब आहे. मुठीच्या खालून, मानेपाशी पाझरत असेल तर ग्लँड ढिली आहे, आणि तिथला नट पाव फेरा आवळला की बहुतेक वेळा काम होते. नळ पूर्ण चालू असताना भिंतीलगत पाणी दिसत असेल, तर सांधा गेला आहे. त्याकडे पुढे येऊ.

जुन्या, बरेच फेरे देऊन बंद होणाऱ्या नळात रबरी वॉशर असतो. ही रचना १८४५ मध्ये इंग्लंडमधल्या रॉदरहॅमच्या गेस्ट अँड क्राइम्स या कंपनीने पेटंट केली, आणि आपल्या मोरीतला पितळी नळ अजून तिच्यावरच चालतो. पाण्याच्या वाटेवर एक गोल बैठक असते आणि दांड्याच्या टोकाचा वॉशर तिच्यावर दाबला जातो. नळ ठिबकू लागला की आपण तो अधिक जोराने आवळतो, त्याने वॉशर आणखी कापला जातो आणि मग आणखी जोर लागतो. वॉशर बदलायला कॉक बंद करावा, नळ उघडा ठेवून उरलेले पाणी काढावे, बेसिनच्या भोकावर फडके टाकावे म्हणजे स्क्रू आत पडत नाही, आणि मानेचा मोठा नट सोडवून दांडा बाहेर काढावा. नवा वॉशर बसवूनही ठिबकत असेल, तर बैठकीवर चरा पडला आहे. तेव्हा नवा नळ स्वस्त पडतो.

अर्ध्या किंवा पाव फेऱ्यात बंद होणाऱ्या नव्या नळांत वॉशरऐवजी एकमेकींवर सरकणाऱ्या दोन सिरॅमिक चकत्या असतात. त्या झिजत नाहीत म्हणून त्यांची ख्याती आहे, पण गाळाचा एक कण मध्ये अडकला की त्या ठिबकतात. आतला स्पिंडल काढून स्वच्छ पाण्यात फिरवत धुतला, तर कित्येकदा नवा घ्यावा लागत नाही. घ्यावाच लागला, तर जुना खिशात घालून दुकानात जावे. आट्यांची संख्या आणि दांड्यावरचे दाते प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात आणि ‘साधा अर्धा इंची द्या’ असे म्हणून आणलेला स्पिंडल बसत नाही. चकचकीत नटावर पाना लावताना मध्ये कापड ठेवावे, एवढे पथ्य.

पाणी बारीक येते

दाब कमी झाला की पहिला प्रश्न: एकाच नळाला की सगळ्यांना? एकाच नळाला असेल तर त्याच्या तोंडाची जाळी उघडावी. ती हाताने किंवा कापड धरून पक्कडीने सुटते. तिच्यात वाळू असेल तर टूथब्रश पुरतो आणि पांढरा थर असेल तर व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्वाच्या पाण्यात रात्रभर ठेवावी. शॉवरलाही हेच औषध. फक्त गरम पाणी बारीक येत असेल, तर गीझरच्या जोडणीत क्षार साठले आहेत आणि ते काम गीझरवाल्याचे.

सगळ्याच नळांना कमी येत असेल, तर आधी मजला मोजावा. पाण्याचा दाब उंचीतून येतो. १० मीटर उंचीच्या स्तंभामागे चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो. गच्चीवरची टाकी शॉवरपेक्षा ३ मीटर उंच असेल, तर वरच्या मजल्याला त्याच्या तीनदशांशच दाब मिळतो. जास्त दाबासाठी बनवलेला परदेशी धाटणीचा मोठा शॉवर तिथे कितीही साफ केला तरी पाऊस पाडणार नाही. तिथे कमी दाबाचा शॉवर किंवा गच्चीवर दाबाचा पंप हाच इलाज. चौथ्या मजल्यावर ठीक असलेले पाणी अचानक कमी झाले, तर गच्चीचा व्हॉल्व्ह कोणी अर्धवट ठेवला आहे का ते पाहावे.

टाकी पूर्ण रिकामी होऊन पुन्हा भरल्यावर नळातून फुसफुस आवाज येतो आणि पाणी येत नाही, तेव्हा पाइपात हवा अडकलेली असते. सर्वांत खालचा नळ पूर्ण उघडावा, थोड्या वेळाने बाकीचे. टाकीचे पाणी हवेला ढकलते. काही जण थेट महापालिकेच्या नळाची रबरी नळी टाकीच्या ओळीला लावून उलटा झोत देतात. हवा निघते, पण दोन वेगवेगळ्या ओळी एकमेकींना जोडणे घातक आहे. त्याचे कारण शेवटी येईल.

जुन्या घरांतल्या लोखंडी जीआय पाइपांत गंज आतून वाढत जातो आणि अर्ध्या इंचाच्या पाइपात पेन्सिल जाईल एवढीच वाट उरते. यावर सफाई नाही, पाइप बदलणे हाच इलाज. आणि तो घरच्या माणसाने करू नये, कारण जुन्या जीआय ओळीचा एक सांधा पिळला की पुढचा फुटतो.

तुंबणे आणि वास

सांडपाण्याच्या बाजूला कॉक नसतो. मग कसोटी काय? तिथे सीमा ट्रॅपची धरावी. प्रत्येक सांडपाण्याच्या वाटेवर पाणी साठून राहणारे वळण असते. बेसिनखाली बॉटल ट्रॅप, न्हाणीघराच्या फरशीत नहाणी ट्रॅप, कमोडमध्ये त्याचे स्वतःचे वळण. अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ मध्ये संडासासाठी अशा वळणाचे पेटंट घेतले, आणि आज घरात राहता येते ते त्यात साठलेल्या सुमारे ५० मिलिमीटर पाण्यामुळे. हे पाणी गटारातली हवा आणि झुरळे अडवते. पाहुण्यांच्या न्हाणीघराला वास येतो तेव्हा कित्येकदा काही तुंबलेले नसते, वापर नसल्याने ट्रॅप सुकलेला असतो. एक तांब्या पाणी ओतले की वास थांबतो. उन्हाळ्यात गावी जाऊन आलेल्या प्रत्येक घराने पहिल्यांदा हे करावे.

ट्रॅपच्या अलीकडचे तुंबणे आपले. बेसिन तुंबले तर खाली बादली ठेवून बॉटल ट्रॅपचा पेला हाताने उघडावा. केस, साबणाचा लगदा आणि कधी हरवलेली अंगठी तिथे सापडते. स्वयंपाकघरात तेल, तूप, भाताची शिते आणि चहाचा चोथा यांचा थर जमतो. ताटे धुण्याआधी पुसून घेतली तर निम्मा त्रास टळतो. नहाणी ट्रॅपची जाळी काढून आतली वाटी उचलून साफ करावी आणि आठवणीने परत ठेवावी. वाटी काढून टाकली की पाणी झटकन जाते, पण वास आणि झुरळे मोकाट सुटतात.

रबरी पंप वापरताना तो पाण्याखाली बुडेल एवढे पाणी असावे आणि बेसिनचे वरचे भोक ओल्या फडक्याने बंद करावे, नाहीतर जोर तिथून निघून जातो. उकळते पाणी ओतू नये. पीव्हीसीचे पाइप साधारण ६० अंशांपुढे मऊ पडतात, कडकडीत पाण्याने सांधे ढिले होतात. कॉस्टिक सोडा वापरायचा तर हातमोजे घालून, थंड पाण्यात सोडा सोडावा, सोड्यावर पाणी ओतू नये. संडास साफ करायचे अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र येऊ देऊ नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

एकाच वेळी दोन ठिकाणी पाणी वर येत असेल, म्हणजे बेसिन सोडले की न्हाणीच्या जाळीतून बुडबुडे येत असतील, तर तुंबणे ट्रॅपच्या पलीकडे, सामाईक वाहिनीत आहे. तिथे घरातून सोडा आणि अ‍ॅसिड ओतणे म्हणजे खालच्या मजल्यावरच्या माणसाच्या अंगणात ते पोचवणे. सोसायटीला सांगावे, स्प्रिंग मारणारा माणूस बोलवावा.

फ्लशची टाकी आणि बॉल कॉक

घरात सर्वांत जास्त पाणी आवाज न करता जाते ते फ्लशमधून. कमोडच्या मागच्या भिंतीवरून बारीक ओघळ वाहत राहतो आणि दिसत नाही. टाकीत निळीचे चार-पाच थेंब टाकावेत आणि २० मिनिटे फ्लश करू नये. कमोडमधले पाणी निळे झाले तर बहुधा तळाचे रबरी सील पाणी सोडते आहे. त्याच्यावर साठलेले क्षार ब्रशने घासून पाहावे, रबर कडक झाले असेल तर बदलावे. सील ठीक असूनही पाणी वाहते आहे, तर पातळी जास्त असल्यामुळे ते ओसंडून जाण्याच्या नळीत पडते आहे. फ्लोटचा स्क्रू फिरवून पातळी त्या नळीच्या तोंडाखाली साधारण इंचभर ठेवावी. टाकी भरायला फार वेळ लागत असेल, तर आत येणाऱ्या पाण्याच्या व्हॉल्व्हची जाळी गाळाने भरली आहे. या तिन्ही कामांना खालचा अँगल कॉक बंद करणे पुरते. भिंतीत दडवलेल्या टाकीतही बटणांची पट्टी काढून हात जातो, फक्त तिथे काही आत पडणार नाही याची काळजी घ्यावी.

गच्चीवरची टाकी वाहते तेव्हा बॉल कॉक बिघडलेला असतो. चेंडूत पाणी शिरले आहे का ते हलवून पाहावे, दांडी वाकली असेल तर सरळ करावी, वॉशर झिजला असेल तर बदलावा. एक गोष्ट मात्र जपावी: पाणी पडणारे तोंड टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वरच असावे. ते बुडालेले राहिले आणि पुरवठ्याची ओळ रिकामी झाली, तर टाकीतले पाणी उलटे ओढले जाते. जमिनीखालच्या टाकीला हीच काळजी अधिक, आणि त्या टाकीत उतरणे हे घरच्या माणसाचे काम नाही. बंद टाकीत प्राणवायू कमी असू शकतो.

सांधे आणि पाइप

आटे असलेल्या सांध्याला टेफ्लॉन टेप लागते, आणि ती उलटी गुंडाळली की सांधा आवळताना सुटत जाते. आटे आपल्याकडे करून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, ताणून, आठ-दहा वेढे द्यावेत. जुने प्लंबर अजून ताग आणि सफेदा वापरतात. लोखंडी आट्यांवर ते उत्तम बसते, प्लास्टिकवर नाही. प्लास्टिकच्या आट्यांवर जोर हा शत्रू. हाताने घट्ट, मग पान्याने एखादा फेरा, बस. एकदा आटे चाटले की तो भाग टाकूनच द्यावा लागतो. बेसिन आणि गीझरच्या लवचिक कनेक्शन पाइपाला मात्र टेप लागत नाही. तिथे सील आतला रबरी वॉशर करतो. तिथे गळती असेल तर टेपचे वेढे वाढवण्याऐवजी वॉशर पाहावा आणि विणीच्या तारा तुटलेल्या दिसल्या तर पाइपच बदलावा, कारण तो फुटतो तेव्हा घरात कोणी नसते.

पिवळसर सीपीव्हीसी पाइप गरम पाण्यासाठी चालतो, पांढरा यूपीव्हीसी थंड पाण्यासाठी, आणि दोघांचे सोल्युशन वेगळे. सरळ काप, कडा साफ, दोन्ही बाजूंना सोल्युशन, आत ढकलून पाव फेरा, अर्धा मिनिट दाबून धरणे आणि डब्यावर लिहिलेल्या वेळेपर्यंत पाणी न सोडणे, एवढीच कृती आहे. मात्र हा सांधा एकदा बसला की सुटत नाही, चूक झाली तर कापूनच काढावा लागतो. म्हणून उघड्या पाइपावर, जागा असेल तिथे, सरावाचा एक तुकडा जोडून पाहिल्यावरच हात घालावा. एम-सील हा उपाय नव्हे, सोमवारपर्यंतची सोय आहे, आणि तीही पाणी बंद करून पाइप कोरडा केला तरच.

भिंतीतली ओल

ओल आली की लोक आधी टाइल फोडतात आणि मग कारण शोधतात. आधी ओलीचे वेळापत्रक पाहावे. ती कायम सारखी असेल, तर दाबाखालचा पुरवठ्याचा पाइप गळत असावा. खोलीचा कॉक रात्रभर बंद ठेवून ती कमी होते का ते तपासावे. अंघोळीनंतर वाढत असेल, तर सांडपाण्याचा सांधा किंवा टाइलमधल्या फटी. फक्त पावसाळ्यात येत असेल, तर बाहेरची भिंत. फटी भरणे घरचे काम आहे, बाकीचे नाही.

इथे पान्यापेक्षा कागद जास्त उपयोगी पडतो. सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला या पट्ट्यात नव्या इमारती पुष्कळ आहेत. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकाम, कारागिरी किंवा सेवांमधला दोष विकासकाच्या नजरेस आणला, तर त्याने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. त्या मुदतीत भिंत स्वतः फोडली, तर दोष मूळचा की तुमच्या हातोडीचा, हा वाद ओढवून घेतला. आधी तारखेसह छायाचित्रे आणि लेखी तक्रार, मग हातोडी. जुन्या सोसायटीत सहकार विभागाच्या आदर्श उपविधींनुसार सामाईक पाइप, सांडपाण्याच्या वाहिन्या आणि पावसाची गळती यांचा खर्च संस्थेचा, सदनिकेच्या आतल्या दुरुस्तीचा सभासदाचा. वरच्या-खालच्या मजल्यांची बरीच भांडणे या एका वाक्याने मिटतात.

जिथे कसोटी पुरत नाही

काही कामांना कॉक आपल्या हातात असूनही ती आपली नसतात. गीझरचे पाणी बंद करता येते, पण आत वीज आहे. एमसीबी पाडल्याशिवाय त्याच्या जोडणीला हात लावू नये आणि आवरण उघडूच नये. त्याच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थोडे थेंब पडतात, ते त्याचे कामच आहे. तिथे बूच मारणारे लोक टाकीतला दाब निघण्याची वाट बंद करतात. गॅस गीझर बंद न्हाणीघरात बसवणे म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला आमंत्रण. तो उघड्या हवेच्या जागीच असावा. आणि चेंबर किंवा सेप्टिक टँकमध्ये स्वतः उतरू नये, कोणाला उतरवूही नये. अशा धोकादायक सफाईला माणूस लावणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

सर्वांत महत्त्वाची सीमा आहे महापालिकेच्या जोडणीची. ते काम परवानाधारक प्लंबरचे, आणि या नियमामागचे कारण या परिसराने जवळून पाहिले आहे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या भागांत गिलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले. काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडला आणि संशय दूषित पाण्यावर आला. घरातल्या दुरुस्तीने अशी साथ थांबत नाही, पण घरातल्या चुकीने पाणी बिघडू शकते. थेट नळाच्या ओळीला पंप लावला की ओळीत निर्वात पोकळी तयार होते आणि वाटेतल्या प्रत्येक फटीतून शेजारच्या गटाराचे पाणी ओढले जाते. ते फक्त तुमच्या टाकीत येत नाही, गल्लीतल्या सगळ्यांच्या टाक्यांत जाते. बोअरची ओळ आणि महापालिकेची ओळ एका व्हॉल्व्हने जोडून ठेवणे, नळी पाण्यात बुडवून ठेवणे, जमिनीखालच्या टाकीचे झाकण तुटके ठेवणे, हे सगळे त्याच जातीचे. घरचा माणूस इथे एवढेच करू शकतो, आणि ते पुरेसे आहे: टाक्या वेळेवर धुणे, झाकणे घट्ट ठेवणे, पाण्याला रंग किंवा वास आला तर ते पिण्यासाठी न वापरता लगेच कळवणे.

प्लंबर आणि आपण

घरची दुरुस्ती वाढली तर प्लंबरच्या पोटावर पाय येईल, अशी भीती व्यर्थ आहे. चांगला प्लंबर मिळणेच कठीण झाले आहे. देशभरच्या शहरांत हे काम करणारे पुष्कळ लोक ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्यातून येतात. तिथल्या पट्टामुंडाईत प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्था आहे. आपल्याकडे आयटीआयमध्ये प्लंबरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. अशा शिकलेल्या माणसाला वॉशरसाठी बोलावणे त्याच्याही वेळेचा अपव्यय असतो, म्हणून तो ‘उद्या येतो’ म्हणतो आणि येत नाही. नळ, जाळी, फ्लश, बॉटल ट्रॅप एवढी कामे घरात झाली, तर त्याला बोलावण्याचे कारण खरे उरते. आणि ‘नळ गळतोय’ याऐवजी ‘खोलीचा कॉक बंद केल्यावर ओल थांबते’ असे सांगता आले, तर त्याची पहिली फेरी वाया जात नाही. घरच्या दुरुस्तीतून पैसे थोडे वाचतात, निदान मात्र पक्के होते, आणि मोठ्या कामात तेच महागडे असते.

यात सर्वांत मोठी उणीव माहितीची आहे, आणि ती एकट्या घराने भरून निघत नाही. पाइप कोणत्या भिंतीतून गेले आहेत हे बांधणाऱ्याला माहीत असते, राहणाऱ्याला नाही. म्हणून ताबा घेताना किल्ल्यांबरोबर पाइपांचा नकाशा मागावा. न्हाणीघराचे काम नव्याने करणाऱ्याने टाइल लावण्याआधी प्रत्येक भिंतीचे छायाचित्र काढून ठेवावे. आणि सोसायटीच्या पुढच्या वार्षिक सभेत रंगरंगोटीच्या विषयाच्या आधी एक छोटा विषय घ्यावा: गच्चीवरच्या प्रत्येक व्हॉल्व्हवर सदनिकेचा क्रमांक. खर्च एका डब्याचा आणि एका ब्रशचा, आणि त्यानंतर कॉक कोणाच्या हाती आहे हे विचारत फिरावे लागत नाही.